घोडीने ओढलेलं विमान

सारंगखेड्याच्या यात्रेत माझी घोडी कशी मेली, ही गोष्ट मी आजवर इतक्या वेळा सांगितली आहे की घरातल्या सुनांनाही ती पाठ आहे. शालकाने बांबूचं विमान केलं, त्याचा वजनाचा हिशेब चुकला, विमान कोसळलं, दोर घोडीच्या पायात आला आणि घोडी गेली. ऐकणारे चुकचुकतात. एखादा विचारतो, आणि त्याचा डोळा? मी म्हणतो, त्याच गडबडीत गेला.

यातलं विमान कोसळलं आणि दोर पायात येऊन घोडी गेली, एवढंच खरं आहे. बाकीचं मी रचलं नाही, लोकांनीच रचलं. पण मी ते पुसलं नाही आणि पुढे स्वतःच सांगू लागलो. खरं सांगायची वेळ आली की मी दुसरा विषय काढायचो, नाहीतर चिडायचो. माझ्या चिडण्याला सगळे घाबरत, त्यामुळे पुढे कोणी विचारत नसे. आता घाबरणारं कोणी उरलं नाही आणि टाळायलाही फारसे दिवस उरले नाहीत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची एक-दोन वर्षं. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. तापीकाठी आमची काळी जमीन होती. वडील लवकर गेल्यामुळे पंचविशीच्या आतच मी घरचा कर्ता झालो होतो. हात उचलणं हा माझ्या रोजच्या व्यवहाराचा भाग होता. बैल अडला की मारायचा, सालदार उशिरा आला की मारायचं, भाकरी करपली की बायकोला मारायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटत नसे. आजूबाजूला सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चाललेलं असे, आणि मी त्यांच्यापेक्षा थोडा जास्त होतो इतकंच.

घोडीसुद्धा मी मारूनच शिकवली होती. पांढरीशुभ्र, उंच. तिला रेवाल चाल शिकवायला मला पूर्ण एक उन्हाळा लागला. रेवाल म्हणजे घोड्याची ती चाल, जिच्यात घोडं भरधावपेक्षा कमी पण वेगाने जातं आणि वर बसलेल्याचं अंग हलत नाही. आमच्याकडे घोड्याची किंमत या चालीवर ठरते. तिने पाय चुकवला की मी चाबूक ओढायचो, त्याच जागी, पुन्हा पुन्हा. तिच्या मांडीवरचे केस पुढे कधी नीट उगवले नाहीत. पण चाल अशी बसली की तिच्या पाठीवर भरलेला तांब्या घेऊन बसलं तरी थेंब सांडला नसता. तापीच्या दोन्ही काठांवर माझी ओळख त्या घोडीवरून होती.

माझी सासुरवाडी ब्राह्मणपुरीची. सासऱ्यांची शेती आमच्याहून मोठी. त्यांना मुलगी एक, ती माझी बायको, आणि मुलगा एक, तिचा धाकटा भाऊ, माझा शालक. तो धुळ्याला इंग्रजी शाळेत शिकला होता. तिथे कुठल्याशा मासिकात त्याने विमानांची चित्रं पाहिली आणि परत आला तो डोक्यात तेच घेऊन. गोठ्यामागच्या पडवीत त्याने बांबू कापायला सुरुवात केली. पहिलं विमान वीतभर, दुसरं हातभर. मी सांगतोय ते शेवटचं होतं, आठ हातांच्या पंखांचं. एकावर एक असे दोन पंख. एकच पंख इतका लांब केला तर मधेच मोडतो, दोन असले की एकमेकांना धरून राहतात, असं तो म्हणायचा. पंखांवर जुन्या तलम धोतराचं कापड ताणून त्यावर ज्वारीच्या पिठाची खळ फिरवली होती. वाळल्यावर ते हलगीसारखं वाजायचं.

त्याचं सगळं ध्यान वजनावर असे. गोठ्यातल्या आढ्याला कापूस मोजायचा मोठा काटा टांगलेला होता. प्रत्येक तुकडा त्या काट्यावर चढायचा. बांबूची पेरं तो आतून पोखरायचा, गाठी तासायचा आणि पुन्हा तोलायचा. एकदा पाण्यापासून जपायला कापडावर जवसाचं तेल लावलं, तर सगळं जड झालं. त्याने तक्रार न करता सगळं कापड फाडून काढलं आणि नवं चढवलं. पोटाखाली एक पिशवी शिवली होती. तिच्यात काट्याची वजनं टाकून तो विमान ओढून बघायचा. रिकामं असलं की माणूस धावला तरी उचलायचं, पावशेर घातला की तट्टू लागायचं, त्याहून जास्त झालं की चांगलं घोडं. जितकं वजन, तितका वेग. हे त्याने मला इतक्या वेळा समजावलं होतं की मी झोपेतही सांगितलं असतं. तो म्हणायचा की परदेशात आता असं विमान जमिनीवर उभं राहून बिनतारी यंत्राने चालवतात, दोर नाही की काही नाही. आपल्याकडे तसलं यंत्र नव्हतं. त्याच्याकडे माझी घोडी होती.

सासरे हे सगळं दोन वर्षं सहन करत आले होते. त्या वर्षी कापसाची वेचणी सुरू असताना पोरगा पडवीत बसलेला बघून त्यांनी त्याच्या पाठीत काठी घातली. माझ्यासमोरच. त्याने ओठ दाबून दोन फटके खाल्ले आणि मग विचारलं की उडालं तर काय द्याल. मुंबईला विमानदुरुस्तीचं काम शिकवणारी जागा होती, त्याला तिथे जायचं होतं. सासरे हसले. दत्तजयंतीच्या यात्रेत, सगळ्या भाऊबंदांसमोर उडव, मग तुला मुंबईला धाडतो, असं म्हणाले. आणि नाही उडालं तर पुन्हा बांबूला सुरी लावायची नाही, नांगर धरायचा. तो हो म्हणाला. त्याच्या सगळ्या आयुष्याचा निकाल एका उड्डाणावर लागणार होता, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मला ते कळलं नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

ओढायला माझी घोडी हवी, असं त्याने मागितलं. मी दिली, पण एक अट घातली. विमानात जिथे माणूस बसायची जागा असते तिथे माझा फेटा बसला पाहिजे. जरीचा, लग्नातला. घोडी माझी, तर मान माझा. यात्रेतल्या माणसांनी वर बघितलं की त्यांना माझा फेटा दिसायला हवा होता.

आमच्याकडे जावयाचा शब्द सासुरवाडीत कोणी मोडत नाही. जावई घरी आला की म्हातारी माणसंही उठून उभी राहतात, त्याच्या पायावर पाणी घालतात, तो जेवल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही. मी हे सगळं घेत आलो होतो आणि त्याहून जास्त मागायची मला सवय लागली होती.

शालक मात्र म्हणाला, "दाजी, हाऊ फेटा मांगे ठेवा ते नाक वर जाई आनि इमान पडी."

"घोडी कोनी शे?" मी विचारलं.

"तुम्हनी शे, पन..."

मी त्याच्या कानाखाली मारली. तो गव्हाणीवर पडला आणि त्याच्या हातातला पोखरलेला बांबू मोडला. सासरे ओसरीवरून बघत होते. त्यांनी हुक्क्याची नळी बाजूला केली आणि मुलाला म्हणाले, "जवाईबापूना शब्द शे. बांधी टाक."

त्याने बांधला. वाळलेल्या भोपळ्याला फेटा गुंडाळून तो बसायच्या जागेत घट्ट केला. मागे गेलेलं वजन तोलायला तापीवरच्या भोयांकडून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणल्या आणि नाकात ओवल्या. मग विमान मधोमध दोरीला टांगून बघितलं. ते समतोल राहिलं, पण एकूण वजन वाढलं होतं. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्या घोडीमागे ज्वारीच्या धसकटांतून पळाला. ठेचकाळून त्याच्या पायांची सालं निघाली. शेवटी त्याला हवा होता तो वेग सापडला. यात्रेच्या आदल्या सकाळी तो माझ्याकडे आला. गालावर अजून काळं-निळं होतं. म्हणाला, "दाजी, एक ध्यानमा ठेवा. घोडी भरधाव ठेवा. रेवालमा हाई उतरी."

मी मान हलवली. ठरलं ते असं. तो विमान डोक्यावर धरून उभा राहणार, लांब दोराचं एक टोक विमानाच्या नाकाखाली, दुसरं माझ्या खोगिराच्या आकड्याला. मी घोडी भरधाव सोडायची. विमान चढलं की नदीकाठच्या मोठ्या बाभळीपाशी आकडा उघडायचा, म्हणजे दोर सुटेल आणि विमान आपलं आपण तरंगत खाली येईल. इतकंच काम होतं माझं. पळवत न्यायचं आणि सोडायचं.

यात्रा भरली होती. घोड्यांच्या रांगा, सौदागर, चारा, लिदीचा वास, ढोल. नदीच्या बाजूला घोडे पळवून दाखवायची मोकळी पट्टी होती, तिथे आमचं विमान आणलं. गर्दी जमली. बहुतेकांना ते ताबूतासारखं काहीतरी वाटलं. एकजण हात लावायला आला तर सासऱ्यांनी त्याला ढकलून पाडलं. फेटा बघून लोक हसायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "पाव्हना, घोडी इकाले उनात का फेटा?" फेटा विकायला आलोय का असं विचारणारा कोण, ते वळून बघितलं तरी कळलं नाही. कळलं असतं तर तिथेच काहीतरी झालं असतं.

मी घोडीला चाबूक दिला. ती सुटली. दोर ताणला गेला, खोगीर मागे ओढल्यासारखं झालं आणि मग एकदम हलकं. लोकांचा आवाज उठला. मी मागे वळून बघितलं.

ते उडत होतं.

हे मी कोणाला कधी सांगितलं नाही, म्हणून सावकाश लिहितो. ते नुसतं उचललं गेलं नव्हतं, चढत होतं. दोन्ही पंख सरळ, कुठे डुगडुग नाही. खालच्या कापडातून सकाळचं ऊन आरपार दिसत होतं, आतल्या बांबूच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. माझ्या फेट्याचा तुरा ताठ उभा. माणूसभर उंच, मग झाडाइतकं. फेट्याचं वजन, शिशाचं वजन, सगळं घेऊन ते चढत होतं. त्याने सांगितलं होतं तसंच, तसूभरही फरक नाही. आणि तो स्वतः मागे धावत होता, दोन्ही हात वर केलेले, तोंड उघडं, नजर फक्त विमानावर.

मग मी पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांकडे बघितलं. सगळे वर बघत होते. सौदागर वर बघत होते, सासरे वर बघत होते, माझ्या गावची माणसं वर बघत होती. माझी पांढरी घोडी त्यांच्या नाकासमोरून भरधाव जात होती आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मघाशी फेट्याला हसणारे आता फेटाही बघत नव्हते. ते विमान बघत होते.

मी लगाम आवळला आणि घोडी रेवालमध्ये घेतली.

का, ते मला माहीत आहे. मला त्यांच्या माना खाली यायला हव्या होत्या. रेवालमधली माझी घोडी बघितल्यावर कोणी दुसरीकडे बघू शकत नाही, असं मला वाटत होतं. एका क्षणाचा विचार, पण विचार होता. घोडी बुजली नव्हती, ठेचकाळली नव्हती. मी केलं.

माना खाली आल्या नाहीत. दोर सैल पडला. विमान हवेत थबकलं, एखाद्याने हाक मारल्यावर थांबावं तसं, आणि खाली बसू लागलं. तेव्हा मला त्याचं वाक्य आठवलं आणि मी घाबरलो. मी घोडीला चाबूक मारला, जुन्या जागेवर, सगळ्या ताकदीने. तिने उडी घेतली. सैल दोर एकदम ताणला, विमानाचं नाक वर फेकलं गेलं, वरचा पंख मधोमध मोडला आणि सगळं एका कुशीवर होऊन खाली आलं. दोर घोडीच्या मागच्या पायांत गुंतला. ती तोंडावर पडली. मी तिच्या डोक्यावरून पुढे फेकला गेलो. तिचा पुढचा पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा नव्हता तो, ओला होता.

लोक हसले. मला वाटतं, त्यांना घोडी लागल्याचं अजून दिसलं नव्हतं. धुळीत मी, मागे घोडी, तिच्यामागे विमानाचा ढीग. कोणीतरी म्हणालं, घोडी बी गई आनि फेटा बी पडना. चाबूक माझ्या हातात तसाच होता.

शालक धावत आला. तो माझ्याकडे आला नाही, घोडीकडे गेला नाही, विमानापाशी गुडघ्यावर बसला. त्याने नाक उचललं, शिशाच्या गोळ्या चाचपल्या आणि पुटपुटला, "वजन..."

मी त्याच्या पाठीवर चाबूक ओढला. एकदा, दोनदा. त्याने हात वर केले नाहीत, त्याला काहीतरी विचारायचं होतं, म्हणून तो माझ्याकडे वळला. तिसऱ्या फटक्याचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. चाबकाच्या टोकाला मी स्वतः गाठ मारलेली होती. तो दोन्ही तळवे डोळ्यावर दाबून पुढे वाकला. मी थांबलो नाही. हे मला लिहिलंच पाहिजे. त्याच्या बोटांमधून रक्त येताना मला दिसलं आणि मी थांबलो नाही. मी मारत होतो आणि ओरडत होतो, की याच्या वजनाने माझी घोडी खाल्ली, याला मोजता येत नाही, याला काही येत नाही.

सासरे आले. मला वाटलं, ते माझा हात धरतील. त्यांनी मोडलेल्या पंखातला बांबू उपसला आणि आपल्या मुलाला मारायला सुरुवात केली. जावयाची घोडी त्यांच्या घरापायी गेली होती. लोकांसमोर दुसरं काही करता येण्यासारखं त्यांना वाटलं नसावं. आम्ही दोघं दोन बाजूंनी त्याला मारत होतो. एका सौदागराने मधे पडून सासऱ्यांना मागे ओढलं, तेव्हा ते संपलं. त्याच सौदागराला मी घोडीचं बघायला सांगितलं. तिचा पाय बघून त्याने मान हलवली. त्याने तिच्या डोळ्यावर हात ठेवला आणि सुरी फिरवली. तिने एकदाच पाय झाडले.

मग सासऱ्यांनी भोपळ्यावरचा फेटा सोडला. झटकला, माती पुसली, आणि सगळ्यांसमोर माझ्या डोक्याला बांधला. मान खाली करा, जवाईबापू, असं म्हणाले. मी मान खाली केली आणि बांधून घेतला. विमान तिथेच पेटवलं. खळ लावलेलं कापड भरकन गेलं, पोखरलेले बांबू फुटत राहिले, आणि शालक कोणाच्या तरी धोतराचा बोळा डोळ्यावर धरून ते ऐकत बसला होता.

शहाद्याच्या दवाखान्यात त्याचा डोळा काढावा लागला.

घरी आल्यावर बायकोने पाणी पुढे केलं आणि एवढंच विचारलं, "डोया शे ना?" मी तिलाही मारलं. तिने पुन्हा त्या दिवसाबद्दल शब्द काढला नाही, मरेपर्यंत नाही. पण त्यानंतर मी हात उचलला की ती आधी डोळे झाकून घ्यायची. पूर्वी ती डोकं झाकायची.

मुंबई राहिली. त्याने नांगर धरला. एका डोळ्याने नांगराचा तास सरळ धरता येत नाही, त्यामुळे सुरुवातीला त्याचे तास वाकडे जायचे आणि सासरे बांधावरून शिव्या द्यायचे. लग्नाला मुलगी मिळायला वेळ लागला. मी सणावाराला जायचो. तो मला दाजी म्हणायचा, पायावर पाणी घालायचा, पानावर बसवायचा. लग्नकार्यात कोणी यात्रेचा विषय काढला तर तो स्वतःवरच हसायचा, म्हणायचा की माझं गणित कच्चं, दाजींची घोडी गेली. आणि मी घास चावत राहायचो.

सगळे वर बघत होते, म्हणून घोडी धीमी झाल्याचं कोणीच पाहिलं नव्हतं. त्यानेही नाही. त्याची नजर विमानावरून हलली नव्हती. त्यामुळे विमान हवेत का थबकलं, याचं एकच कारण त्याला सुचत होतं आणि ते त्याच्या स्वतःच्या हातातलं होतं.

स्वातंत्र्य मिळालं त्याच हिवाळ्यात एका नातेवाइकाकडून कळलं की त्याने पुन्हा कापसाचा काटा काढला आहे. विमान करत नाही, नुसता तोलत बसतो. तसाच बांबू, तसंच कापड, तितकंच शिसं, वाळलेला भोपळा, एक जुना फेटा. रात्रंदिवस वजन करतो आणि म्हणतो, यात चूक कुठे आहे ते सापडत नाही. गावातल्या शाळामास्तरांनाही बसवून हिशेब करायला लावला. नातेवाईक हसत सांगत होता. मला त्या दुपारी जेवण गेलं नाही. जी चूक नव्हतीच, ती तो इतकी वर्षं शोधत होता.

मी दमणी, म्हणजे आमची हलकी बैलगाडी, जुंपली आणि एकटा ब्राह्मणपुरीला निघालो. वाटेत काय बोलायचं ते जुळवत गेलो. दोन-चार वाक्यांचंच होतं, पण पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, म्हणजे तोंडात अडकणार नाही.

तो गोठ्यातच होता. मला बघताच धावत आला, बैलांची वेसण धरली, तांब्या आणला. मी नको म्हणालो. त्याने ऐकलं नाही, खाली बसून माझ्या पायावर पाणी घातलं, स्वतःच्या उपरण्याने पाय पुसले. सासरे ओसरीवर होते, फार थकले होते, तरी भिंत धरून उभे राहिले. माझ्यासाठी. मागे काटा लोंबत होता. एका पारड्यात बांबूचा सांगाडा, दुसऱ्यात वजनं.

मी म्हणालो, तुझ्याशी बोलायचं आहे. तो म्हणाला, मलाही. आणि त्याने आधी विचारलं.

"दाजी, दोर तुम्हना खोगीरले व्हता. तुम्ले कितलं जड लागनं?"

त्याचा एक डोळा माझ्या तोंडावर होता. दुसऱ्याच्या जागी शिवलेली खळगी. त्याच्या आवाजात राग नव्हता, संशय नव्हता. त्याला आकडा हवा होता, माझ्याशिवाय कोणाकडे नसलेला. मी तोंड उघडलं. सासरे अजून भिंत धरून उभे होते, मी बसायची वाट बघत.

"दोनेक शेर व्हई," मी म्हणालो.

त्याने बोटांवर हिशेब केला, मी रचलेला आकडा त्याच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त होता. मग मान हलवायला लागला, हळूहळू, जसं काही अंगातून उतरत असावं. "म्हनजे मी चुकनू ते खरं," तो म्हणाला आणि हसला. मोकळं हसला. "बरं व्हयनं, दाजी. आते हाई बंद." त्याने तिथल्या तिथे काटा आढ्यावरून उतरवला, सांगाडा मोडला आणि चुलीच्या लाकडांत टाकला. मग मला हाताला धरून जेवायला नेलं. पुरणपोळी होती. तो वाढत होता, आणि मी खाल्ली.

त्यानंतर काही वर्षांनी तो शेतात साप चावून गेला. मी तिरडीला खांदा दिला. तिथेही लोकांनी मला पुढे केलं, जावई म्हणून.

त्या पुरणपोळीच्या दिवशी ब्राह्मणपुरीहून परतताना, गाव मागे पडल्यावर, मी दमणी थांबवली होती. मागे जावं असं वाटलं. गेलो नाही. रस्त्यावर कोणी नव्हतं, दोन्ही बाजूंना तूर उभी होती, आणि मी जुळवलेलं सगळं तिथे बसून मोठ्याने म्हटलं, जसं त्याला म्हणणार होतो तसंच: "भाऊ, तू चुकना नही. वजन बराबर व्हतं, ते उडी ऱ्हायनं व्हतं, मी दखं. घोडी मी धीमी करी. तुन्हा डोया मी लिधा. माले माफ कर."